पिशवीच्या ऑपरेशनच्या कागदावर सही कोणाची? संमती, नकार आणि केसपेपरवरच्या नोंदी

बालाघाटची_भूल

ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला निघायच्या आधी गर्भपिशवीचं ऑपरेशन उरकून घ्यायचा दबाव बायकांवर असतो. हंगामात दुखणं निघालं की मुकादम (टोळीचा ठेकेदार) खाडा म्हणजे गैरहजेरीचा दंड लावतो, दवाखान्याचा खर्च उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांत, जातो, म्हणून घरचेच म्हणतात, काढून टाका एकदाची. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत तीन वर्षांत ४,६०५ पिशव्या काढल्याचा आकडा विधिमंडळात आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि पुढे जिल्ह्यात हे ऑपरेशन करायचं तर जिल्हा शल्यचिकित्सकांची आधी परवानगी घ्यावी लागू लागली. ते योग्यच झालं. पण बाईला काय सांगितलं, तिने काय विचारलं, ती हो कधी म्हणाली, हे केसपेपरवर अजूनही सापडत नाही. धागा त्यासाठी काढतोय.

भूल देण्याआधी फाइल उघडल्यावर काय दिसतं ते सांगतो. ऑपरेशनच्या नावापुढे नुसतं 'मोठं ऑपरेशन' किंवा चार इंग्रजी आद्याक्षरं. सही दाखल होताना, डिपॉझिटच्या पावतीबरोबर घेतलेली, म्हणजे सर्जनने पेशंट बघायच्याही आधीची. नवऱ्याची सही ठळक, बाईचा अंगठा नाहीच. भुलीची संमती वेगळी नाही, रक्त चढवायची वेगळी नाही. आणि सगळ्यात जास्त राहते ती वेळ. तारीख असते, वेळ नसते. झोपेचं इंजेक्शन सकाळी ७ ला दिलं आणि संमती ७.४० ची असेल तर ती संमती धरता येत नाही. गुंगीतल्या माणसाला आपण कशाला हो म्हणतोय हे कळत नसतं.

वकील, सिस्टर, आशाताई, सर्जन, सगळ्यांनी लिहा. किस्से नकोत, काय करायचं ते लिहा.

आयोगाची_पायरी

कायद्याची बाजू मी मांडतो. ज्याला कोणाला हा विषय शिकायचा त्याने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा निकाल वाचावा. ४४ वर्षांची अविवाहित बाई. दुर्बिणीतून तपासणी करायला भूल दिली. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि पिशवी, दोन्ही अंडाशयं काढली. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, निदानही पटण्यासारखं होतं. तरी न्यायालय म्हणालं, पेशंट सज्ञान आहे, शुद्धीवर आली असती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, मग आईची सही चालत नाही. डॉक्टरांना फी तर मिळाली नाहीच, वर २५,००० रुपये भरपाई द्यावी लागली.

त्यातून व्यवहारात काय घ्यायचं? तपासणीची संमती ही उपचाराची संमती नाही. एका ऑपरेशनची संमती दुसऱ्याला लागू नाही. दुर्बीण घातल्यावर पुढे काढावं लागेल अशी शक्यता आधीच दिसत असेल तर दोन्हींची संमती एकत्र घेता येते, पण ती आधी, नाव घालून. सांगायचं काय, तर ऑपरेशन कोणतं आणि कशासाठी, फायदा काय, दुसरा उपाय आहे का, मोठे धोके कोणते आणि नाही केलं तर काय होईल. लाखात एखाद्याला होणारा दूरचा धोका सांगून पेशंटला घाबरवायची सक्ती नाही, हेही त्याच निकालात आहे. सर्जन मंडळींनी हे वाक्य लक्षात ठेवावं, कारण 'सगळं सांगितलं तर पेशंट पळून जाईल' ही तक्रार त्याने निम्मी मिटते.

आता नवऱ्याची सही. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहिता विनियमांत असं आहे की ज्या ऑपरेशनने मूल होणं बंद होऊ शकतं त्याला नवरा-बायको दोघांची संमती घ्यावी. २०२३ चे नवे विनियम स्थगित आहेत, म्हणून आजही २००२ चेच चालू. पण 'दोघांची' याचा अर्थ बायकोची अधिक नवऱ्याची असा आहे. बायकोऐवजी नवऱ्याची असा नाही. गर्भपाताला तर नवऱ्याची सही लागतच नाही. बाई १८ वर्षांवरची आणि मानसिकदृष्ट्या सक्षम असेल तर १९७१ च्या कायद्याने तिची एकटीची संमती पुरते. सरकारी कुटुंबनियोजनातही जोडीदाराची सही सक्तीची नाही. हे काउंटरवर बसणाऱ्या माणसालाही माहीत असायला हवं, कारण 'मालकाला घेऊन ये' हे वाक्य बहुतेक वेळा तिथेच उच्चारलं जातं.

आणि फॉर्मवर छापलेली ती ओळ, 'काही बरेवाईट झाल्यास डॉक्टर व दवाखाना जबाबदार राहणार नाही', ती काढून टाका. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर त्या ओळीने कोणी सुटत नाही. उलट समोरचा वकील तीच ओळ वाचून दाखवतो की, बघा, यांनी संमती स्वतःला वाचवायला घेतली, पेशंटला समजावायला नाही.

ऊसपट्टा_आरोग्य

पिशवीबद्दलच बोलायचं तर 'मोठे धोके कोणते' याची यादी आपल्याकडे अपुरी सांगितली जाते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, भुलीचा धोका, हे तीन सांगतात. लघवीच्या पिशवीला, मूत्रनलिकेला इजा होऊ शकते हे क्वचित. आणि अंडाशयं काढणार की ठेवणार, हा प्रश्न तर बाईपर्यंत पोचतच नाही. तीस-बत्तीसच्या बाईची दोन्ही अंडाशयं काढली की तिची पाळी जाण्याची अवस्था ऑपरेशनच्या दिवशीच सुरू होते. अंगाची लाहीलाही, झोप जाणं, सांधे दुखणं, पुढे हाडं ठिसूळ होणं. ऊसतोडीला मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईसाठी हाडांचा प्रश्न किती मोठा आहे ते वेगळं सांगायला नको. नुसती पिशवी काढून अंडाशयं ठेवली तरी ती थोडी लवकर थकू शकतात, हेही सांगायचं.

दुसरं, भीती. 'पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल' हे ऐकून आलेल्या बाईने दिलेला होकार कायद्यातही टिकत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २८ हेच सांगतं की भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती, आणि घेणाऱ्याला ते माहीत असेल किंवा कळायला हवं असेल, तर ती संमती नव्हे. पांढरं पाणी जाणं हे बहुतेक वेळा संसर्गाचं दुखणं आहे, गोळ्यांनी बरं होतं, नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं कधीकधी. जास्त रक्त जात असेल तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, हार्मोनच्या गोळ्या, हार्मोनची तांबी, हे सगळं आधी येतं. कॅन्सरची शंका असेल तर गर्भमुखाची तपासणी करा, आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवा, रिपोर्ट फाइलला लावा. तपासणी न करता भीती घालणं हा माझ्या मते संमतीतला सगळ्यात मोठा गुन्हा आहे. सही नसण्यापेक्षाही मोठा.

५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने विनाकारण गर्भाशय काढण्याच्या प्रकरणात केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा असं सगळ्या राज्यांना सांगितलं. म्हणजे आता हा फक्त बीडचा विषय राहिलेला नाही.

वॉर्ड_सिस्टर

वॉर्डातलं सांगते. संमती घेणं हे सिस्टरचं काम नाही, समजावणं हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचं काम. सिस्टर साक्षीदार होऊ शकते, पण ज्या गप्पा तिने ऐकल्याच नाहीत त्याची साक्ष तिने द्यायची नाही. डॉक्टर बोलत असताना उभी असेल तरच सही करावी. हे नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगायला हवं.

भाषा बघा. किनवट-माहूरकडची बंजारा बाई, देगलूर-बिलोलीची तेलुगू घरातली, उदगीर-निलंग्याकडची कानडी बोलणारी, संभाजीनगर-परभणीतली दखनी बोलणारी. छापील मराठी तिला 'वाचून दाखवली' म्हणजे समजली असं नाही. दुभाषा लागला तर त्याचं नाव, नातं, सही फॉर्मवर हवी. दुभाषा शक्यतो सासू किंवा नवरा नको, वॉर्डातली मावशी किंवा आशाताई चालेल. आणि पाच मिनिटं तरी बाईशी एकटीशी बोला. पडदा ओढा, नातेवाइकांना चहाला पाठवा. नवऱ्यासमोर मान डोलावणारी बाई एकटी असताना विचारते, 'मला अजून एक लेकरू पाहिजे होतं, मग होणार नाही का?' तिला ऑपरेशन म्हणजे काय हेच कळलेलं नव्हतं, हे त्या एका प्रश्नाने कळतं.

समजलं का असं विचारू नका, सगळ्या 'हो' म्हणतात. 'घरी गेल्यावर बहिणीला काय सांगाल, काय काढणार आहेत म्हणून?' असं विचारा. तिने तिच्या शब्दांत जे सांगितलं ते एका ओळीत, अवतरणात केसपेपरवर उतरवा. ती ओळ छापील चार पानांपेक्षा भारी असते.

अंगठा असेल तर शेजारी 'कोणाचा, कोणत्या हाताचा, कोणासमोर' हे लिहा. शाई पुसट असेल तर परत घ्या. कोयता धरून बोटं घासलेली असतात, ठसा उमटत नाही.

साठ_खाटा

सर्जनच्या बाजूने लिहितो. वरचं सगळं मान्य. पण तालुक्याला एक सर्जन, भूलतज्ज्ञ शेजारच्या गावातून बोलावलेला, तो दोन तास थांबणार, ओपीडीत शंभर माणसं. प्रत्येकीला अर्धा तास देणं होत नाही. मग आम्ही व्हिडिओ काढतो. तो पुरावा म्हणून चालतो की नाही?

शिवाय फौजदारीची भीती आहे. काही झालं की जमाव येतो, पोलीस स्टेशनला कलम लागतं.

आयोगाची_पायरी

व्हिडिओ चालतो, पण तो लेखी संमतीला जोड म्हणून, तिच्या जागी नव्हे. पेशंटला विचारून काढा, तिचं हो त्याच चित्रीकरणात येऊ द्या. बोलणं चित्रित करा, तपासणी नाही. कोणाच्या खासगी मोबाइलवर ठेवू नका. आणि व्हिडिओत डॉक्टर एकटाच फॉर्म वाचतोय आणि बाई खाली बघतेय असं दिसलं तर तो तुमच्याविरुद्धच वापरला जाईल.

वेळेचं म्हणाल तर ठरवून होणारं ऑपरेशन आहे. ओपीडीत निर्णय झाला त्या दिवशी माहिती द्या, कागद घरी न्यायला द्या, सही दाखल झाल्यावर घ्या. मध्ये एक रात्र गेली तर प्रश्न घेऊन येतात. नसबंदीबाबत देविका बिस्वास खटल्याच्या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समजावल्यानंतर साधारण तासभर तरी विचाराला द्या असं म्हटलंय. पिशवीला त्याहून कमी का द्यावा?

फौजदारीबद्दल. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य, २००५. साधी चूक, निर्णयातली चूक म्हणजे गुन्हा नाही, ढोबळ स्वरूपाचा निष्काळजीपणा लागतो. तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी, त्याच शाखेच्या डॉक्टरांचं मत घ्यायचं. तक्रार आली म्हणून लगेच अटक करायची नाही. आता न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये इतरांना पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, नोंदणीकृत डॉक्टरला उपचारादरम्यानच्या मृत्यूसाठी दोन वर्षांपर्यंत. जमावासाठी राज्याचा २०१० चा कायदा आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद. पण तुमचा खरा बचाव म्हणजे घडत असताना, वेळ घालून लिहिलेली नोंद. घटना झाल्यावर रात्री बसून भरलेली फाइल शाईवरूनच ओळखू येते.

सोयाबीन_गंजी

एक विचारायचं होतं. आमच्या गावात हंगामी वसतिगृह आहे. आईबाप कर्नाटकात कारखान्यावर, लेकरं इथं. एखाद्या १४ वर्षांच्या पोराचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात असलं तर सही कोण करणार? गुरुजी? आजी? सही नाही म्हणून दवाखाना पुढं पाठवतो, असं होतं का?

बालाघाटची_भूल

असं व्हायला नको. क्रमाने सांगतो.

१८ च्या आतल्याची संमती आईवडील किंवा पालकाची. ते लांब असतील तर फोन लावा, स्पीकरवर ठेवा, दवाखान्यातली दोन माणसं ऐकत उभी करा. डॉक्टरने स्वतः समजावायचं. नंबर, वेळ, कोण बोललं, काय म्हणालं हे लिहून दोघांच्या सह्या. मुकादमाच्या फोनवर बोलणं झालं तर बाप स्वतः बोलला की मुकादमाने त्याच्या वतीने 'करा' म्हटलं, हे नीट बघा. मुकादमाचा होकार म्हणजे बापाची संमती नाही. जवळ आजी असेल तर तिचीही सही घ्या, वसतिगृहाच्या अधीक्षकांची घ्या. आणि त्या पोरालाही सांगा. त्याची सही कायद्याने पुरत नसली तरी पोट त्याचं आहे, चौदाव्या वर्षी सगळं कळतं.

कोणीच सापडलं नाही आणि थांबलं तर जीव जाईल अशी वेळ असेल तर न्याय संहितेच्या कलम ३० ने (जुनं भारतीय दंड संहितेचं ९२) सद्भावनेने, पेशंटच्या हितासाठी केलेल्या उपचाराला संरक्षण आहे. दोन डॉक्टरांनी लिहायचं: निदान काय, थांबलो तर काय होईल, नातेवाइकांना गाठायचा प्रयत्न किती वाजता केला. मग ऑपरेशन. फक्त जीव वाचवायला लागेल तेवढंच करायचं.

पुढे पाठवायचं तर आधी सलाईन, अँटिबायोटिक, वेदनाशामक देऊन, चिठ्ठीत वेळा लिहून, पुढच्या दवाखान्याला फोन करून १०८ मध्ये पाठवा. परमानंद कटारा, १९८९, आणि पश्चिम बंग खेत मजदूर समिती, १९९६, या दोन्ही निकालांनी तातडीचा उपचार हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवलाय. सही नाही, पैसे नाहीत, पोलीस आले नाहीत, यातलं एकही कारण चालत नाही.

वॉर्ड_सिस्टर

तातडीच्या विषयात विषबाधा घेऊ या, आपल्याकडे तीच जास्त. फवारणीचं औषध पिऊन आणलेल्या माणसाच्या घरच्यांना केसची भीती असते, म्हणून 'चुकून पोटात गेलं' सांगतात. त्यांना स्पष्ट सांगा की मेडिको-लीगल नोंद होणार, पोलिसांना कळवणार, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ ने असा माणूस तीव्र तणावात होता असंच गृहीत धरलं जातं आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं ३०९ कलम नव्या संहितेत राहिलेलंच नाही. भीती कमी झाली की खरं नाव सांगतात, डबा आणून देतात. डबा मिळाला तर उपचार बदलतो.

आणि हे पेशंट 'स्वतःच्या जबाबदारीवर' फार नेले जातात. ऑरगॅनोफॉस्फेटमध्ये (फवारणीच्या औषधांतला एक विषारी गट) दुसऱ्या दिवशी माणूस उठून बसतो, बोलतो, घरच्यांना वाटतं बरा झाला. पण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान मान उचलता येईनाशी होते आणि श्वासाचे स्नायू बंद पडू शकतात. घरी हे झालं तर श्वासाची नळी घालायला कोणी नाही. हे नेमकं सांगितलं तरच त्यांचा नकार माहितीवर आधारलेला होतो. 'रिस्क समजावली' एवढंच लिहू नका. लिहा: उद्या-परवा श्वास बंद पडू शकतो हे सांगितलं, मान ढिली पडल्यास लगेच आणा असं सांगितलं, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन एवढा होता, ॲट्रोपिन (या विषावरचं इंजेक्शन) शेवटचं किती वाजता किती. सही नाकारली तर 'सही नाकारली' लिहून दोन साक्षीदार. गोळ्या आणि चिठ्ठी द्यायचीच. रागावून रिपोर्ट अडवायचे नाहीत. पेशंट शुद्धीवर असेल तर निर्णय त्याचा, भावकीचा नाही.

ऊसपट्टा_आरोग्य

सिस्टर, त्याला जोडून गोपनीयतेचं. विष घेतलेल्याचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, कित्येकदा दवाखान्यातूनच. पोलिसांना कळवणं कायदेशीर, पत्रकाराला कळवणं नाही. एचआयव्हीचंही तसंच: २०१७ च्या कायद्याने तपासणीला संमती लागते आणि निकाल उघड करता येत नाही, तरी फाइलवर लाल शाईने लिहिणं, खाटेला चिठ्ठी लावणं अजून दिसतं. ऑपरेशनची खबरदारी सगळ्यांसाठी सारखीच घ्यायची असते, मग खूण कशाला?

सोयाबीन_गंजी

कागदपत्रं दवाखाना देत नाही, बिल पूर्ण भरा मग देतो म्हणतात. त्याचं काय?

आयोगाची_पायरी

भरती पेशंटची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायची आणि पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायची, हे २००२ च्या विनियमांतच आहे. तोंडी मागू नका. साधा अर्ज, भरतीची तारीख, आयपीडी (भरती) नंबर, 'संपूर्ण इनडोअर केसपेपर, नर्सिंग चार्ट, भुलीची नोंद, संमतीपत्रं' असं नाव घेऊन लिहा, पोच घ्या. पोच देत नसतील तर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. नुसतं डिस्चार्ज कार्ड म्हणजे केसपेपर नव्हे. झेरॉक्सचा खर्च घेऊ शकतात, पण थकीत बिलासाठी कागद, पेशंट किंवा मृतदेह अडवता येत नाही. शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायची सक्ती झालीय, तिथेच हे वाचायला मिळेल. दिलं नाही तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं. मुदत घालवू नका, बैठकीत मिटवू म्हणता म्हणता ती निघून जाते.

साठ_खाटा

शेवटचा प्रश्न. सही झाली, नंबर लागला, आणि थिएटरच्या दारात बाई नको म्हणाली. नातेवाईक म्हणतात, घाबरलीय, घ्या आत. काय करायचं?

बालाघाटची_भूल

थांबायचं. भूल चढेपर्यंत संमती केव्हाही मागे घेता येते, कागदावर सही असली तरी. ती नुसती घाबरली असेल तर बोलून, थोडा वेळ देऊन कळेल, पण बोलायचं तिच्याशी, नवऱ्याशी नाही. पुन्हा हो म्हणाली तर नव्या वेळेसह पुन्हा लिहा. ठरवून केलेलं ऑपरेशन आहे, आठ दिवसांनी केलं तरी चालतं. माझ्या बाजूने तरी तिने स्वतः मान्य केल्याशिवाय सुई लागत नाही.

वॉर्ड_सिस्टर

आणि नोंद अशी करा: 'सकाळी ९.१० वा. पेशंटने थिएटरबाहेर ऑपरेशनला नकार दिला. तिचे शब्द: "मला अजून विचार करायचाय." डॉक्टरांनी नातेवाइकांना बाहेर ठेवून पेशंटशी १५ मिनिटं बोलून पर्याय सांगितले. नकार कायम. ऑपरेशन रद्द. गोळ्या सुरू, १५ दिवसांनी तपासणीला बोलावलं.' खाली डॉक्टर, सिस्टर आणि पेशंटचा अंगठा. सलाईन काढा, तिला जेवायला द्या, रात्रीपासून उपाशी असते.